ओट्याखालचा बर्फ

फोरमन स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथे पडून ओट्याखालच्या कपाटात टेप सरकवत होते. रुंदी पंधरा इंच, उंची चौतीस. दोन्ही आकडे त्यांनी कागदावर लिहिले आणि टेप पुन्हा आत घातला. घेतलेलं माप दुसऱ्यांदा घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तिसऱ्यांदा टेप सुटून बोटावर आपटला, तेव्हा लेकीनं वरून विचारलं, की तेवढ्या वेळात कपाट वाढलं का.

"मागं पाइपाला जागा सोडावी लागते," ते खालूनच म्हणाले. "आणि पुढं हवेला. कॉम्प्रेसरचा जीव गुदमरला की संपलं."

बर्फाच्या बाबतीत बापाशी वाद घालायचा नाही, हे त्या घरात लहानपणीच कळत असे. चौतीस वर्षं त्यांनी बर्फाच्या कारखान्यात काढली होती, त्यातली वीस फोरमन म्हणून. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी फोरमन हे नाव काही सुटलं नव्हतं. शेजारी तेच म्हणत, दुकानदार तेच म्हणत, आणि बायकोही तेच म्हणे, रागात असली तरी आणि लाडात आली तरी. गेल्या सहा आठवड्यांत मात्र तिनं त्यांना कशानंच हाक मारली नव्हती.

झटका आला तो सकाळी, ओट्याशी उभी असताना. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं, ते तिच्या डोळ्यांकडे पाहिलं की कळे. गिळणं जमत नव्हतं, म्हणून नाकातून नळी घातली होती आणि पातळ पांढरं अन्न त्यातून उतरत होतं. जिच्या हातचं खाऊन या घरातली माणसं मोठी झाली, तिच्याच जिभेला सहा आठवडे कशाची चव नव्हती.

इस्पितळात गिळायला शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सुरुवात बर्फानं केली. एका वेळी एक बारीक कण. तो विरघळताना घशाला आपलं काम आठवतं, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या व्हरांड्यात बर्फाचं यंत्र होतं, मऊ, भुसभुशीत दाणे देणारं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी बायकोनं एका बैठकीत बारा दाणे गिळले होते. घरी आल्यावर एकही नाही. फ्रीजमधला बर्फ कुटून दिला, किसून दिला, फडक्यात बांधून बारीक केला; चमचा जवळ आला की तिचे ओठ मिटत. नऊ दिवस झाले होते. पुढच्या पंधरवड्यात डॉक्टरांची तारीख होती, आणि तोवर तोंडानं काही सुरू झालं नाही तर पोटालाच लहानसं छिद्र करून कायमची नळी बसवू, असं ते म्हणाले होते. 'लहानसं' हा शब्द ते इतका सहज बोलले, की फोरमनना त्यांचा राग आला होता.

मग लेकीच्या डोक्यात आलं, की इस्पितळातला बर्फ मऊ होता, आपला टोचतो. तिला तसाच बर्फ हवा असेल, तर तसं यंत्रच घरी आणावं.

हे ऐकून फोरमन कित्येक दिवसांनी ताठ बसले. मेंदूतलं त्यांना काही कळत नव्हतं, औषधांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, आणि बायकोला कुशीवर वळवायलासुद्धा ते लेकीला हाक मारत. पण दुखणं जर बर्फाचं असेल, तर त्याचा वैद्य घरातच होता.

दुकानात घोडं अडलं ते तिथंच. ओट्याखाली बसतील अशी दोन यंत्रं होती. एक काचेसारखे स्वच्छ, कडक तुकडे पाडणारं; दुसरं मऊ पांढरे दाणे देणारं. फोरमननी पहिल्या यंत्रातला तुकडा उचलून उजेडात धरला आणि त्यातून पलीकडच्या पाटीवरची अक्षरं वाचून दाखवली. हा बर्फ, म्हणाले. कारखान्यात लादीच्या पोटात पांढरा गाभा दिसला, तर ती लादी ते परत वितळायला पाठवत. पांढरं म्हणजे आत हवा अडकलेली. पांढरा बर्फ म्हणजे आळशाचा बर्फ. विक्रेत्यानं पाणी बाहेर कसं जातं ते समजावायला सुरुवात केली, तर त्याचं वाक्य फोरमननीच पुरं केलं आणि वर त्याच्या माहितीपत्रकातली एक चूकही काढली.

लेकीनं दुसऱ्या यंत्रातला एक दाणा उचलून तोंडात टाकला आणि चावला. मग म्हणाली,

"बाबा, हा बर्फ आईला खायचाय. तुम्हाला पास करायचा नाहीये."

फोरमननी त्या स्वच्छ तुकड्याकडे पाहिलं. तो त्यांच्या तळहातावर वितळत होता. शेवटी त्यांनी हात पँटला पुसला आणि मऊ दाण्यांच्या यंत्राकडे बोट दाखवलं, पण मान दुसरीकडे वळवून.

बसवायला फिटर आला तो गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा घालून. वयानं पन्नाशीचा, बोलायला तिखट. फोरमननी कपाट आधीच मोकळं केलं होतं. आतली भांडी होती त्याच क्रमानं त्यांनी जमिनीवर मांडून ठेवली होती, म्हणजे बायकोचा जीव वरखाली व्हायला नको. तिची चाकाची खुर्ची त्यांनी दारात आणून लावली होती. ती पाहत होती, पण चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

फिटरनं कपाटाची फळकुटं काढली. मागं वर्षांची धूळ होती आणि एक झाकण होतं, ज्याच्या चोरीचा आळ एका जुन्या शेजारणीवर होता. लेकीनं ते झाकण उचलून आईला दाखवलं, आणि आईच्या डाव्या गालावर काहीतरी हललं. मग सिंकखालच्या नळातून पाण्याची बारीक नळी निघाली, निचऱ्याची नळी उताराला लागली. उतार पुरेसा आहे की नाही यावर दोघांची जुंपली. फोरमन आपली लेव्हलपट्टी घेऊन आले आणि यंत्राच्या डोक्यावर ठेवून बुडबुड्याकडे डोळे लावून बसले.

"साहेब," फिटर चष्म्यावरून म्हणाला, "तिरकी आहे ती तुमची फरशी. मशीन बिचारं सरळच आहे."

तरी पायाचे स्क्रू फिरवून फिरवून बुडबुडा मधोमध आला तेव्हाच फोरमन उठले. आता फिटरलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. जाताना तो त्यांना कॉम्प्रेसरच्या आवाजाबद्दल दोन प्रश्न विचारून गेला. पहिल्या दोन खेपांचा बर्फ टाकून द्यायचा होता. तो त्यांनी सिंकमध्ये ओतला. तिसरी खेप दुपारी पडली. आतून दाणे खळखळत कोसळल्याचा आवाज आला आणि फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही, कारण लेकीच्याही आलं होतं.

बायकोला ताठ बसवलं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे ओल्या कापसानं तोंड पुसून घेतलं. गळ्याखाली रुमाल लावला. लेकीनं लहान चमच्यात एकच दाणा घेतला, खाली वाकली आणि स्वतःचं तोंड उघडून म्हणाली, "आई, आ कर बघू. आऽऽ."

ओठ मिटले. चमचा ओठांना लागला, तेव्हा तिनं मान भिंतीकडे वळवली.

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस फोरमननी जंग जंग पछाडलं. दाणा अर्धा करून पाहिला, किंचित वितळू देऊन पाहिला. पाण्याला वास येतोय का म्हणून गाळणी उघडून धुतली. चमचा बदलला, धातूचा गार लागत असेल म्हणून लाकडी आणला. समोरून भरवलं, डावीकडून भरवलं, समजावलं, एकदा आवाजही चढवला आणि मग स्वतःच मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. लेकीला तिसऱ्या दिवशी सकाळी आपल्या घरी, कामावर परतावं लागलं. जाताना दारात दोघांच्याही मनात ती पोटातली नळीच होती. तारखेला पाच दिवस उरले होते.

ती गेल्यावर फोरमननी वाटीत दाणे घेतले आणि बायकोच्या खुर्चीशेजारी बसले. तिचं तोंड पुसून दिलं, रुमाल लावला. चमचा उचलला आणि पुन्हा ठेवून दिला. आता काय करून पाहायचं राहिलंय, ते त्यांना कळेना. वाटी त्यांनी मधल्या तिपाईवर ठेवली, तिच्याकडे न बघता दोन दाणे स्वतःच्या तोंडात टाकले आणि चावले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी हा बर्फ खाऊन पाहिला होता. दाताखाली कुरकुरला, दबला आणि निमूट विरून गेला. आळशाचा असेल, पण वाईट नव्हता. त्यांनी आणखी एक घेतला.

वाटीत काहीतरी खुडबुडलं. त्यांनी वळून पाहिलं तर बायकोचा डावा हात वाटीत होता. बोटं दाण्यांवरून घसरत होती. एक दाणा पडला, दुसरा तिपाईखाली गेला. फोरमन उचलून द्यायला वाकले, तसा तिनं हात ताबडतोब मागं घेतला आणि ओठ मिटले.

ते अर्धवट वाकलेलेच थांबले. इस्पितळात रोज दुपारी बाई यायच्या, तो अर्धा तास त्यांना आठवला. त्या अर्ध्या तासात ते बायकोजवळ कधी बसलेच नव्हते. ते व्हरांड्यात असत, बर्फाच्या यंत्रापाशी. त्याची जाळी धुळीनं बंद झाली होती. ती काढून, झटकून, परत बसवून ते तिथल्या माणसाला चार गोष्टी सांगत बसत. एकदाच त्यांनी दाराच्या काचेतून आत डोकावलं होतं. कप बायकोच्या मांडीवर होता आणि बाई स्वतःच्या मांडीवर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या. पगार घेऊन बसून राहतात, असं तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं. बर्फ कुठला, कसा, किती मऊ, हे सगळं त्यांनी पाहून ठेवलं होतं. तो तिच्या तोंडापर्यंत कोण नेतंय, एवढंच पाहायचं राहिलं होतं.

फोरमन सरळ झाले. वाटी उचलून त्यांनी तिच्या मांडीवर, डाव्या हाताशी ठेवली. स्वतःचे हात त्यांना कुठं ठेवावेत कळेना, म्हणून ते मांड्यांखाली दाबून बसले.

तिला घाई नव्हती. बोटांनी एक दाणा वाटीच्या कडेपर्यंत आणला, तो निसटला, पुन्हा आणला. तिसऱ्या खेपेला तो चिमटीत आला आणि हनुवटीला लागत, ओला माग ठेवत, ओठांपर्यंत पोचला. ओठ उघडले. जबडा हळूहळू हलला. फोरमन तिच्या गळ्याकडे बघत होते. गळा वर गेला आणि खाली आला. खोकला आला नाही.

"आ म्हण," ते पुटपुटले. प्रत्येक घोटानंतर आवाज ऐकायचा, घरघरीत आला तर थांबायचं, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं.

"आ," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, स्वच्छ होता, आणि बराचसा वैतागलेला होता. तो वैताग त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. फोरमनना हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. दोन्ही एकदमच आलं, नि त्यांनी येऊ दिलं.

तिनं पाच खाल्ले. मग सहावा, मग सातवा. मग वाटीत पाणीच उरलं. तिनं वाटी तिरपी करून त्यांना दाखवली. ते उठायला लागले, तर तिनं डावा हात चाकावर ठेवला, डाव्या पायानं फरशीला रेटा दिला आणि खुर्ची निघाली. दोनदा भिंतीला लागली. फोरमन मागून चालले, हात लावायला धजले नाहीत.

ओट्याशी ती थांबली. यंत्र बरोबर तिच्या खुर्चीच्या उंचीला होतं. हे त्यांनी मोजलं नव्हतं, ओट्याचीच उंची तेवढी होती. तिनं हात पुढं केला. मूठ पलीकडे होती, उजव्या अंगाला. स्वतःच्या निर्जीव हातावरून वाकून तिनं ती कशीबशी धरली आणि ओढली. दार तिच्याच बाजूला उघडलं, चाकावर आपटलं आणि अर्ध्यात अडकलं. तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा आपटलं.

"थांब, मी काढून..." फोरमन म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

ते आत जाऊन हत्यारांची पेटी घेऊन आले. खुर्ची जरा मागं घेण्यासाठी त्यांनी हातानंच खूण केली, आणि ती मागं झाली. ते उकिडवे बसले. दाराची बिजागरी डावीकडून काढून उजवीकडे लावायची, मूठ इकडे आणायची. वरचे दोन स्क्रू, खालचे दोन जरा लांब, मुठीचे दोन. निघालेला प्रत्येक स्क्रू त्यांनी तिच्या मांडीवरच्या वाटीत टाकला. दार खांद्यावर पेलून ते खालच्या भोकाशी झुंजू लागले. दोन्ही हात अडकले होते आणि गुडघे कुरकुरत होते. थोड्या वेळानं, मान वर न करता, त्यांनी एक हात कसाबसा सोडवून मागं पसरला.

वाटीत बोटं खुडबुडली. स्क्रू पडला, पुन्हा उचलला गेला. फोरमननी दार तोलून धरलं आणि वाट पाहिली. मग तळहातावर ओला, गार स्क्रू टेकला. तो खालचाच होता, लांब.