कुंपणावरची वेल

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. औषधाच्या दुकानात मी बाटलीवरची तारीख दोनदा वाचते आणि दुकानदारालाही वाचायला लावते. एका माणसाच्या बाबतीत मात्र चौदा वर्षं डोळे मिटून राहिले. ती म्हणजे माझी वहिनी.

मी रेशमी स्कार्फांवर चित्रं काढते. शेंगा, शेवाळ, पाखरांचे पंख, जे दिसेल ते. ताणून बसवलेल्या कापडावर आधी रंग अडवणारी रेघ ओढायची, मग आत रंग भरायचा. रंग पक्का व्हावा म्हणून स्कार्फ कोऱ्या कागदात गुंडाळून दोन तास वाफेवर ठेवायचा. शेवटी दादाच्या घरून रोज माझ्याकडे येणारी वहिनी त्याचा काठ बोटांनी वळते आणि इतका बारीक टाका घालते की शोधावा लागतो. चित्र नसतं तरी हे स्कार्फ खपले असते, टाका नसता तर नाही, असं दादा म्हणतो. दादाला बायकोचं कौतुक जरा जास्तच आहे.

या वर्षी मी आमच्या कुंपणावरची वेल काढली. महिनाभर रोज सकाळी स्टूल टाकून तिच्यासमोर बसले. एका पानाला सुरवंटाने भोक पाडलं होतं, तेही सोडलं नाही. स्कार्फ एकच तयार झाला होता. तो प्रदर्शनात मांडेपर्यंत कुणाला दाखवायचा नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. तो पाहिलेली माणसं दोनच, मी आणि वहिनी.

तीन आठवड्यांनी तीच वेल चौकातल्या मोठ्या दुकानाच्या काचेत लटकत होती. छापील, चकचकीत, एका रांगेत सहा. पानाला भोकसुद्धा होतं. फरक एवढाच होता की माझी वेल डावीकडून उजवीकडे वर चढते, कुंपणावर चढते तशी, आणि ही नेमकी उलट बाजूने चढत होती. चोराला धड चोरताही येत नाही, म्हटलं, आणि त्यातला एक विकत घेऊन घरी आले.

प्रदर्शन गेलं खड्ड्यात. मला खात होता तो प्रश्न वेगळाच होता. वहिनीने दिलं असेल का?

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. फोन आला की ती गॅलरीत का जाते? आता ही एवढी मोठी पिशवी कशाला? मागे एकदा तिने त्या दुकानात माल कुठून येतो असं विचारलं होतं, ते सहज की मुद्दाम? तिने केलेला चहा मी मोरीत ओतला. तिने काही विष कालवलं नसतं, ते मलाही कळत होतं. पण घशाखाली उतरेना.

चौथ्या दिवशी ती हात धुवायला गेली तेव्हा मी तिची पिशवी उघडली. डबा, चष्मा, आणि तळाशी जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली माझी वेल. ती मी काढून घेतली.

“हे काय आहे?” मी विचारलं. ती दारात हात पुसत उभी होती.

“माझी पिशवी आहे.”

“आतलं विचारतेय मी.”

“खालचा कोपरा नीट वळला गेला नाही. घरी खिडकीत उजेड बरा असतो. उसवून परत घालणार होते.”

“न सांगता?”

“सांगितलं असतं तर तू तासभर त्या कोपऱ्यावर बोलली असतीस.”

बोलले असते. पण मला तेव्हा खरंखोटं ऐकायचंच नव्हतं. विकत आणलेला स्कार्फ मी तिच्यासमोर टाकला. “त्यांना कधी दिलंस?”

वहिनीने तो उचलला, मशीनने शिवलेल्या काठावरून बोट फिरवलं, घडी घालून परत ठेवला. मग पिशवी घेतली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दादाला पुरावा दाखवायचा म्हणून मी दोन्ही स्कार्फ टेबलावर एकावर एक पसरले. जुळेनात. चिडून वरचा पालथा टाकला, आणि रेघेला रेघ जुळली. भोकावर भोक आलं. खरा स्कार्फ हातात असताना कुणी उलटा कशाला छापेल? माझी नजर वाफेच्या डब्याशेजारच्या कागदांच्या गठ्ठ्यावर गेली.

वाफेवर रंग थोडा सुटतो. कापडाची रंगवलेली बाजू ज्या कागदाला टेकलेली असते त्यावर चित्राचा ठसा उमटतो. फिका, पण पूर्ण, आणि आरशात दिसतो तसा. हे कागद मी फेकत नाही, माल पाठवताना त्यांतच गुंडाळते. आमचे स्कार्फ विकणारी बाई, जिला आम्ही गोडबोली म्हणतो, ती नेहमी म्हणायची, “ताई, त्याच कागदात द्या हं, किती सुंदर असतात!” मी हुरळून जायचे. गेल्या महिन्यात पंखांचे स्कार्फ तिच्याकडे गेले ते वेलीच्या कागदात. मीच बांधले होते. हे कागद फाडून टाकू या, असं वहिनी कधीतरी म्हणाली होती. तुला कला कळत नाही तर निदान काटकसर तरी कळू दे, असं मी तिला ऐकवलं होतं.

गोडबोलीला फोन केला. “कागद ना? ते मी भाच्याला देते. कापडछपाईत असतो तो,” ती लाडात म्हणाली. “त्याला फारच आवडतात तुमची चित्रं.”

त्याच संध्याकाळी दादाकडे गेले. दार उघडून तो बाजूला झाला. वहिनीसमोर मी सगळं सांगितलं आणि हात जोडून माफी मागितली. मला ते जमतं हे मलाच माहीत नव्हतं.

“सोमवारी येते,” ती म्हणाली. “कोपरा राहिलाय.”

सोमवारी आली. कोपरा उसवून परत वळला. मधे चहा केला, तो मी मागून मागून दोन कप प्यायले. संपलं सगळं, असं वाटून मी खूश होते. निघायच्या वेळी वहिनीने पिशवी टेबलावर आणली आणि एकेक वस्तू बाहेर काढून मांडली. डबा, चष्मा, किल्ल्या, गोळ्यांचं पाकीट, एक मोठा रुमाल. मग पिशवी पालथी करून झटकली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “वहिनी, काय हे! भर बघू ते आत.”

“राहू दे गं. बघून घे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “रोज दाखवून जात जाईन. तुलाही बरं, मलाही बरं.”

“मला काही बघायचं नाही,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझी नजर त्या रुमालाच्या घडीवर गेली. जरा जाड वाटली.

वहिनीने ती उलगडून दाखवली.