शालूबाईंचं वाढण

शिदा म्हणजे कोरडं धान्य, ज्याचं त्यानं शिजवून खायचं. उष्टं म्हणजे दुसऱ्याच्या पानात उरलेलं. आणि वाढण म्हणजे पंगत बसायच्या आधी काढून, झाकून, मानानं धाडलेलं अन्न. वडूजकडच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शालूबाईंना ते कळत नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. माझं अजून डोकं तडकतं.

बौद्ध झाल्यापासून आमच्या वस्तीनं उष्टं बंद केलं होतं. त्याआधी गावात लग्न असलं, की सगळ्या पंगती उठल्यावर आमची माणसं टोपल्या घेऊन मांडवाबाहेर उभी राहायची. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास गावातल्या बड्या वाड्याच्या मानसिंगांच्या, पलटणीत असलेल्या मुलाचं लग्न निघालं. आमच्या पुरुषांनी जळण फोडलं, बायकांनी मांडवाची जमीन सारवली. पंगतीला मात्र आम्ही नको होतो. मानसिंगांच्या बायकोनं, शालूबाईंनी, माझ्या आईला सांगितलं, "भामे, पंगतीचा हट्ट नगं. वस्तीला पयलं वाढण धाडते. देवाशप्पत."

आई भोळी. तिनं वस्तीपुढं शब्द टाकला. वस्तीतले जाणते धोंडिरामतात्या म्हणाले, "भामा, इस्वास ठिवू नगंस."

"उष्टं आलं तर मला वस्तीत ठिवू नगा, तात्या," आई म्हणाली.

लग्नाच्या दिवशी वस्तीत चुली पेटल्या नाहीत. दुपार कलल्यावर मानसिंगांचा गडी जोतीराम मोठं पितळी पातेलं ठेवून गेला. आईनं सगळ्यांदेखत झाकण काढलं. भातात आमटी कालवलेली, त्यात पत्रावळीच्या काड्या. वर बुंदीचा लाडू, आणि त्यावर कुणाचे तरी दात उमटलेले.

तात्यांनी मान फिरवली. मला वाटलं, आई आता रडेल. ती कसली रडते! तिनं सगळं उकिरड्यावर ओतलं, पातेलं राखेनं लखलखीत घासलं आणि चूल पेटवली. वाढणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, ही आपल्याकडची रीत. तिनं पातेल्यात पिठलं शिजवलं, भाकरी थापल्या आणि आम्हा भुकेल्या पोरांना घासही न देता सगळं धुतलेल्या फडक्यानं झाकून निघाली. मागोमाग वस्ती निघाली.

मांडवात व्याही जेवत होते.

"आक्का, वाढण आणलंय," आई मोठ्यानं म्हणाली. "चुलीवरनं थेट. माज्या पोरांनीबी चाखलं न्हाई. घ्या."

शालूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "भामे, येड लागलं का? आमी तुमच्यातलं खातो व्हय?"

"आमचं ताजं तुमाला चालंना, आन तुमच्या तोंडातलं आमी खायाचं?"

शालूबाईंचा हात पुढं आला नाही. मग आई तिथंच, तिनंच सारवलेल्या जमिनीवर बसली. आम्हाला बसवलं. तात्या पुढं आले आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसले. भाकरी कोर-कोरच वाट्याला आली, पण सगळ्यांना आली. आम्हाला उठवायची कुणाची छाती झाली नाही.

जेवण झाल्यावर आईनं ते पातेलं शालूबाईंच्या पायाशी नेऊन ठेवलं. खरकटंच.