उणे शेहेचाळीसातला पहिला घास

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅल्युमिनियमचा चमचा आहे. डाव्या कडेला जरासा चेपलेला, दांड्यावर रेनडिअरच्या पायाचं केसाळ कातडं शिवलेला. हसताय ना? खुशाल हसा. हा अंगरखा मला कसा मिळाला ते ऐकलंत की टाळ्या वाजवाल.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. आधी मला वितळवलं, मग लाटून पत्रा केला आणि मग एका दणक्यात मी चमचा झालो. हजारो भावंडांबरोबर पेटीत बसून मी दूर उत्तरेकडच्या बर्फाळ याकुतियाला आलो, तो थेट शहरातल्या एका शाळेच्या खानावळीत. तिथली स्वयंपाकीण मला घरी घेऊन गेली, आणि तिची लेक अकुलिना आयुष्यातली पहिली लापशी माझ्यानेच जेवली. चेपलो तोही तिच्याच कृपेने. पोट भरलं की बाईसाहेब मला टेबलावर बडवून ढोल वाजवायच्या! पुढे तिचं लग्न डोंगरातल्या प्रोकोपीशी झालं. प्रोकोपी एवेन जमातीचा, रेनडिअर राखणारा. अकुलिनाच्या आईने लेकीच्या ट्रंकेत मला आठवणीने ठेवलं.

डोंगरातली थंडी काय सांगू! चहा पिणाऱ्याच्या मिशीवर वाफेचा बर्फ होतो. पहिल्याच हिवाळ्यात कळप नव्या कुरणावर निघाला, सगळा तळ बर्फगाड्यांवर लादला गेला आणि मी एका पोत्यात पडलो. दुपारी मुक्काम पडला. तळाचा मुख्य म्हणजे अकुलिनाचा सासरा, ख्रिस्तोफोर. म्हातारा दमलाय, त्याला काही गोड द्यावं, म्हणून अकुलिनाने आंबट लाल रानफळं घातलेली गोठलेली साय काढली आणि कौतुकाने मला तिच्यात खोवून वाडगा पुढे केला. सकाळपासून मी उघड्यावर गारठलेला. म्हाताऱ्याने मला तोंडाला लावलं मात्र, मी त्याच्या खालच्या ओठाला जो चिकटलो तो सुटेचना.

"थांबा बाबा, ओढू नका! कोमट चहा ओतते!" अकुलिना ओरडली.

पण ख्रिस्तोफोर कुणाचं ऐकेल तर शपथ. त्याने मला हिसडा दिला. ओठाची साल माझ्याबरोबर आली, आणि बर्फावर रक्ताचे थेंब पडले. मित्रांनो, त्या क्षणी मी पुन्हा वितळून जावं असं मला वाटलं.

"शहरातला चमचा आणि शहरातली सून!" म्हाताऱ्याने मला भिरकावलं. "दोघांनाही थंडी कशाशी खातात ते ठाऊक नाही!"

तळाची एक रीत आहे. प्रवासात मुख्याच्या गाडीमागे लगेच चूल सांभाळणाऱ्या बाईची गाडी चालते. त्या दिवसापासून अकुलिनाची गाडी सगळ्यात शेवटी गेली, सरपणाच्याही मागे. संध्याकाळी तंबूत म्हातारा मुलाला म्हणाला, "अरे, आज माझा ओठ गेला. उद्या हिची बोटं जातील. मार्चच्या सणापर्यंत वाट बघतो. तोवर हिला जमलं नाही, तर पुढच्या हिवाळ्यापासून ही गावात राहील आणि तू तळावर." म्हातारा दुष्ट नव्हता हो. थंडीने त्याचा एक भाऊ नेला होता. पण अकुलिना रात्रंदिवस प्रोकोपीच्या जोडीने राबायला आली होती, वर्षातून चार दिवस त्याचं तोंड बघायला नव्हे. तिने मला बर्फातून उकरून काढलं आणि खिळ्यांच्या पिशवीत टाकलं.

तिथे मी महिनाभर होतो. वाकडे खिळे माझी टर उडवायचे. मग एक दिवस आरी शोधायला फेदोस्या आली. ही ख्रिस्तोफोरची बहीण, शेजारच्या तंबूची मालकीण, तोंडाने फटकळ. आरीऐवजी तिच्या हाती मी लागलो.

"अगं सूनबाई, चमच्यावर कसला राग काढतेस? बरं सांग, आपल्याकडे पहिला घास कुणाचा?"

"विस्तवाचा, आत्याबाई. मी रोज टाकते ना ब्रेडचा तुकडा."

"टाकतेस! कुत्र्याला टाकावा तसा! आता सगळ्याच तशा झाल्यात. माझी आई चमच्यात चरबी घ्यायची आणि ज्वाळेवर धरून बसायची, वितळून थेंब थेंब विस्तवात पडेपर्यंत. विस्तवाचंही पोट भरायचं आणि चमचाही ऊब धरायचा. आमच्यात कुणाचा ओठ कधी सोलला नाही. दादाला हे माहीत नाही, तो कधी चुलीपाशी बसलाय का!"

त्याच दिवशी तिने माझ्या दांड्याला हे कातडं शिवलं. मग सुरू झाला सराव. मी चटकन तापतो आणि चटकन निवतो, हा माझा जन्माचा दोष. कितीदा मी जास्त तापलो, कितीदा गारच राहिलो! अकुलिना मला मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. तिथे डाग पडले, पण सराव काही थांबवला नाही तिने.

मार्च उजाडला. सणाला सगळे तळ गावाबाहेरच्या गोठलेल्या नदीवर जमले. त्या सकाळी तापमान उणे शेहेचाळीस होतं. बायकांची शर्यत अशी, की उघड्यावर विस्तव पेटवायचा, त्याला घास द्यायचा, रवीने साय फेटून त्यात रानफळं घालायची आणि आपल्या घरच्या वडीलधाऱ्याला सगळ्यांसमोर चमच्याने पहिला घास भरवायचा. त्याने तो गिळला की शर्यत संपली. अकुलिनाचा वडीलधारा कोण? ख्रिस्तोफोर! ओठावर पांढरा व्रण घेऊन म्हातारा खुंटासारखा ओंडक्यावर बसला होता.

सगळ्यात पुढे होती उल्याना, पलीकडच्या तळावरची. तिचे हात म्हणजे वारा! बघता बघता विस्तव पेटला, ब्रेडचा तुकडा आगीत पडला, साय फुगली. अकुलिनाने अजून एका हाताने मला चरबी भरून ज्वाळेवर धरलेलं होतं, आणि दुसऱ्या हाताने ती साय फेटत होती. लोक ओरडू लागले.

"अगं, विस्तवाला जेवू घालतेस की झोपवतेस?"

"घाई कर सूनबाई, म्हातारा गोठला!"

टप. टप. चरबी आगीत पडत होती. अकुलिनाचा दांड्यावरचा हात हलला नाही, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता. तेवढ्यात उल्यानाने बर्फावरचा चमचा उचलला, भरला आणि सासऱ्याच्या तोंडात घातला. "ऊं! ऊं!" बिचारा चमचा तोंडात घेऊन नाचायलाच लागला. जीभ चिकटली! कोमट चहा आणा, चहा आणा, असा एकच गोंधळ उडाला. घास काही गिळला गेला नाही.

अकुलिनाने मला मनगटाला लावलं. बरोब्बर! मला रानफळं घातलेल्या सायीत बुडवलं आणि ख्रिस्तोफोरसमोर धरलं. त्याने माझ्याकडे बघितलं, व्रणावर बोट फिरवलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तोंड उघडा. भिऊ नका."

"भितोय कोण?" असं म्हणत म्हाताऱ्याने डोळे घट्ट मिटले.

मी आत गेलो. मी उबदार होतो, मित्रांनो! ओठावरून असा अलगद निघालो की काय सांगू. म्हाताऱ्याने घास गिळला, एक डोळा उघडला, आणि मला अकुलिनाच्या हातातून काढून स्वतःच दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"दादा, घास एकच होता!" फेदोस्या ओरडली. "वाडगा तरी ठेव!"

नदी हास्याने दुमदुमली. शर्यत आम्ही जिंकली! बक्षीस म्हणून रंगीत घोंगडी मिळाली, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष होतं? ख्रिस्तोफोरने मला स्वतःच्या बाहीला पुसलं, कोट उघडला आणि छातीशी आतल्या खिशात ठेवलं. मग खड्या आवाजात मुलाला हाक मारली, "प्रोकोपी! उद्या निघताना सूनबाईची गाडी माझ्या मागे जोड. सरपण जाऊ दे शेवटी."

अकुलिना रडली. आणि खिशात मीही भिजलो, पण ती बहुधा पुसायची राहिलेली साय असेल.

या गोष्टीला बारा हिवाळे झाले. अकुलिनाची गाडी अजून म्हाताऱ्याच्या मागेच, दुसऱ्या क्रमांकावर चालते. बाळांनो, गारठ्यात उघड्यावर जेवायला बसलात तर धातूच्या चमच्याला एकदम ओठ लावू नका. आधी त्याला जरा ऊब द्या. आणि घरात नवं माणूस आलं असेल तर त्यालाही. असो, आता मी निघतो. मुक्काम पडलाय, आणि म्हातारा भुकेने खिसा चाचपतोय.