कृतज्ञ गावाची दौत

मित्रांनो, मी एक जुनी दौत आहे. चांदीची आहे, पण माझा इतिहास चांगला नाही. व्हिएन्नात मला घडवलं आणि मी एका तरुण कॅप्टनच्या टेबलावर आले. तो एकही लढाई हरला नाही, कारण तो एकाही लढाईजवळ फिरकला नाही. टेबलावरूनच तो मेजर झाला, जनरल झाला आणि पहिल्या महायुद्धात बोस्नियातल्या एका डोंगराळ मुलखाचा लष्करी गव्हर्नर झाला.

तिथल्या ब्रेझोवा गावात अकरा जणांनी बंदुका लपवल्याची कोणीतरी चहाडी केली. बंदूक एकही सापडली नाही. तरी जनरलने माझ्यात टाक बुडवून सही केली आणि अकराही जण भर बाजारात फासावर गेले. आठवड्याने त्याच्याच कचेरीच्या हुकुमावरून माझ्या पोटावर कोरलं गेलं: ‘आमच्या रक्षणकर्त्या गव्हर्नरसाहेबांना, कृतज्ञ ब्रेझोवाकडून.’ जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच. पुढे व्हिएन्नाचं साम्राज्य बुडालं. जनरल मात्र पेन्शन खात, आपल्या बिछान्यात मेला.

जुन्या बाजारांतून फिरत मी डब्लिनला पोचले. २००३ साली तिथल्या क्लोनडॉकिन या उपनगरातल्या संजीवने मला घरी नेलं. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. दसऱ्याला त्याच्या लॅपटॉपशेजारी मलाही हळदकुंकू लागलं. त्याची पाच वर्षांची रेवा माझ्यातल्या शाईने पहिला ‘श्री’ काढणार होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण दौतीला तोंड असतं ते फक्त शाईसाठी.

तेवढ्यात शेजारची अमिला आली. बोस्नियातल्या युद्धातून जीव वाचवून ती आयर्लंडला आली होती. तिने मला सहज उचललं, कोरलेलं वाचलं आणि डोळे पुसत मला खाली ठेवलं. ती इंग्रजीत म्हणाली, “हे माझं गाव. या माणसाने माझ्या आजीच्या वडिलांना फाशी दिलं.”

सुटले, असं मला वाटलं.

“अहो, राहू दे ती दौत,” संजीवची बायको चित्रा म्हणाली. “पेन्सिलने काढेल रेवा.”

“अगं, मुहूर्त टळतोय! शंभर वर्षं होत आली त्याला. अँटीक पीस आहे,” संजीव म्हणाला. मग अमिलाला, “सॉरी हं, इट्स जस्ट अ पूजा.” त्याने मला फिरवून अक्षरं भिंतीकडे केली.

“डॅडी, व्हाय इज शी क्राइंग?”

“तू लिही बेटा.”

रेवाने ‘श्री’ काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. अमिला केव्हा निघून गेली, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्यांना पाटावर मांडण्याआधी त्यांनी काय केलंय, ते विचारा. आणि सांगणारं कोणी दारात आलं, तर त्याला आधी बसायला सांगा. त्या दिवशी माझी पूजा झाली, अमिलाला साधा चहा विचारला नाही.