सात दहाच्या गाडीचा फोटो

मागून हॉर्न वाजला आणि नवसूने आरशात न बघताच ओळखलं, कमलेशची प्रवासी जीप. एरवी असा हॉर्न ऐकला की तो गाडी डावीकडे घ्यायचा, इतकी की डावी चाकं डांबर सोडून मुरमावर यायची, आणि उजवा हात खिडकीबाहेर काढून मागच्याला पुढे जायची खूण करायचा. चोवीस वर्षं आणि वर दहा महिने तो हेच करत आला होता. आज मात्र त्याने एसटी रस्त्याच्या मधोमध धरली होती, आणि तो हटायला तयार नव्हता.

कंडक्टर सुदेश तिकिटं फाडता फाडता पुढे आला. "मामा, जीपवाला कवाचा बोंबलतोय. साइड द्या ना त्याला."

"पुढं वळण हाय."

"वळण गेला की मागं!"

"अजून एक हाय," नवसू म्हणाला. जव्हार ते मोखाडा रस्त्यावर हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही.

तीन-चार किलोमीटर त्याने जीप अशी अडवून धरली. शेवटी एका चढावर एसटी धापा टाकू लागली, तेव्हा कमलेश उजवीकडून निसटला. जीपच्या मागच्या बाकावर दोन बायांच्या मध्ये चंद्रकला दाटीवाटीने बसली होती. चंद्रकला म्हणजे नवसूची बायको. तिने नवऱ्याच्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती हातातलं घड्याळ बघत होती.

मोखाड्याच्या दवाखान्यात चंद्रकला आया होती. अठरा वर्षं ती नवऱ्याच्या सात दहाच्या गाडीनेच कामावर जायची. केबिनच्या दांड्यामागची खिडकीची जागा तिची, हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं. जामसरहून आलेला एखादा नवखा तिथे बसलाच तर बाकीचेच त्याला उठवायचे. गाडीत दोघं फारसं बोलत नसत. घरीच जे बोलून झालेलं असे ते पुन्हा गाडीत काय बोलायचं? पण ती मागे बसली आहे एवढ्यावर नवसूचा गिअर गुळगुळीत पडायचा. मग दवाखान्यात नव्या सिस्टर आल्या. आठ म्हणजे आठ, एक मिनिट उशीर झाला की लाल शेरा. नवसूची गाडी आठ वाजून पाच मिनिटांनी पोचायची. कमलेशची जीप जव्हारहून मागाहून निघून पावणेआठला पोचायची. चंद्रकलेने तीन लाल शेरे सोसले आणि चौथ्या दिवशी ती जीपमध्ये बसली.

कारण इतकं सरळ होतं. पण नवसूच्या डोक्यात ते सरळ शिरेना.

त्या दिवशी संध्याकाळी तिने जेवण वाढता वाढता विचारलं, "सकाळी वाट का अडवलीस?"

"रस्ता सरकारचा हाय. माझी गाडी बी सरकारची."

"मना आज परत शेरा पडला."

"मंग जा ना लवकरच्या गाडीनं. नायतर त्या कमलेशला सांग, उडतं इमान घे."

तिने पळी खाली ठेवली. "त्या पोराचा राग करतोस? माझ्या धाकट्या भावापेक्षा ल्हान हाय तो."

राग नव्हता तो. जळफळाट होता, आणि हे नवसूला स्वतःलाही कळत होतं म्हणून तो जास्तच चिडला. भाकरी अर्धी टाकून तो ओट्यावर जाऊन बसला.

त्यात होळीनंतर रस्त्यावर पोलिसांची ती नवी गाडी आली. पांढरी, आत कॅमेरा. उतार संपून सडक सरळ होते तिथे आंब्याखाली उभी राहायची आणि येणाऱ्या गाडीचा वेग लांबूनच मोजून फोटो काढायची. पहिल्याच आठवड्यात कमलेश सापडला. दंड झाला आणि हातात कागद आला. कागदावर जीपचा फोटो, काचेमागे कमलेशचं तोंड, आणि खाली आकडा : अडुसष्ट.

दुसरा कोणी असता तर कागद घडी करून लपवला असता. कमलेशने तो प्लास्टिकमध्ये घालून जीपच्या पुढच्या काचेला चिकटवला. झालं! माणसं मुद्दाम थांबून बघू लागली. सरकारने स्वतः फोटो काढून दिला, वर वेग किती तेही लिहून दिलं, म्हणजे पोरात काहीतरी असणारच, असं मोखाड्याच्या बाजारात लोक बोलू लागले.

चंद्रकलाही घरी येऊन हसत सांगू लागली, "काय ऐटीत आलाय मेल्याचा फोटो!"

नवसूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंचवीस वर्षं गाडीला ओरखडा नाही, एक कोंबडी मेली नाही, त्याचा फोटो कोणी काढला? त्याचा आणि चंद्रकलेचा तर एकत्र फोटोच नव्हता. लग्नात कॅमेरावाला कुठला येणार! त्याचा फोटो लायसनवर, तिचा दवाखान्याच्या ओळखपत्रावर. दोघांचा पहिला फोटो आता एक मेला निघायचा होता. विनाअपघात पंचवीस वर्षं पूर्ण करणाऱ्या ड्रायव्हरचा डेपोत सपत्नीक सत्कार व्हायचा : दोन खुर्च्या, शाल, नारळ आणि फोटोग्राफर. चंद्रकलेने त्यासाठी जांभळी साडी आणून ठेवली होती आणि ती शेजारणींना दोनदा दाखवूनही झाली होती.

एप्रिलमध्ये कमलेश पुन्हा सापडला. या वेळी जीप कागदपत्रांसाठी दोन दिवस पोलिसांनी ठेवून घेतली. सकाळी सात वाजता चंद्रकला एसटीत चढली आणि आपल्या जागेवर बसली.

"आज आठच्या आत पोचव," ती म्हणाली, "लई उपकार होतील."

उपकार! हा शब्द नवसूला चावला. कमलेशला ती असं कधी म्हणाली असेल का? तो तर न सांगताच पोचवत होता. नवसूने गाडी काढली.

आधी त्याने थांब्यांवरचा वेळ आखडता घेतला. मग वळणावर हॉर्न देऊन वेग तसाच ठेवला. सुदेश दांडा धरून उभा राहिला. एक बैलगाडी त्याने अशी ओलांडली की बैल बिचकले. मागे कुणीतरी "ओ डायवर!" म्हणून ओरडलं. उतार लागला आणि जुनी गाडी सगळ्या पत्र्यांनिशी खडखडू लागली, पण नवसूला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं. सात चाळीस झाले होते. बघू दे तिला, हे हात काय करू शकतात ते. डावी बाजू, मुरूम, सगळं तो विसरला होता. गाडी उजव्या अंगाने सुसाट उतरत होती.

तेवढ्यात केबिनच्या दांड्यामधून त्याच्या खांद्यावर एक हात पडला. चंद्रकला जागेवरून उठून उभी होती.

"नवसू," ती म्हणाली. माणसांत ती त्याला नावाने कधीच हाक मारत नसे. "मना नाय लवकर पोचायचा. हळू घे."

त्याने ब्रेकवर पाय ठेवला. पण आंबा तोवर आला होता, आणि खाली ती पांढरी गाडी.

त्या दिवशी ती वेळेत पोचली.

आठवड्याने साहेबांनी डेपोत बोलावून कागद पुढे सरकवला. "अपघात झाला नाही, हे मान्य. पण हे पत्र वरून आलंय. यंदाच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल. तुमच्या जागी जैतू ड्रायव्हरचं जाईल." मग ते म्हणाले, "तुमच्याकडून हे? तुमच्याकडून, नवसू?"

कागदावर आकडा होता एकाहत्तर. कमलेशपेक्षा तीन जास्त. महिनाभर ज्याच्यासाठी पोटात आग होती ते त्याला मिळालं होतं, आणि मान वर करून साहेबांकडे बघवत नव्हतं.

"साहेब, ह्या फोटोची झेरॉक्स मिळंल का?"

साहेबांना वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांनी काढून दिली.

घरी त्याने ती चंद्रकलेपुढे ठेवली आणि सत्कार गेल्याचं सांगितलं. ती बराच वेळ कागद दिव्याकडे धरून बघत होती. फोटो काळपट आला होता. काचेमागे नवसू, दात आवळून बसलेला. त्याच्या डाव्या खांद्यावर एक हात, मनगटात दोन बांगड्या, आणि मागे अर्धा चेहरा.

"मी पण आलेय की," ती म्हणाली.

"हो."

"किती घाबरलेय." तिने कागदाची घडी न घालता तो पेटीत ठेवला, जांभळ्या साडीवर.

एक मेला डेपोच्या फाटकाला तोरण होतं. मांडवात जैतू आणि त्याची बायको हिराबाई खुर्च्यांवर अवघडून बसले होते, आणि फोटोग्राफर त्यांना जवळ सरका म्हणत होता. नवसूने ड्यूटी मागून घेतली होती. इंजिन सुरू करताना तो तिकडे बघत होता आणि छातीत जे जळत होतं ते त्याला चांगलंच ओळखीचं होतं.

दार उघडून चंद्रकला चढली. अंगावर जांभळी साडी. ती दांड्यामागच्या जागेवर बसली.

"जीप समोर उभी हाय," नवसू न वळता म्हणाला. "सिस्टर शेरा मारंल."

"मारू दे."

सात दहाला गाडी सुटली. गाव मागे पडलं, वळणं लागली, आणि मागून तो हॉर्न वाजला. नवसूने आरशात पाहिलं. आरशात जांभळा पदर होता, त्याच्या मागे जीप.

त्याने गाडी डावीकडे घेतली. डावी चाकं मुरमावर उतरली. मग त्याने उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि जीप पार वळणाआड जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.