तीन कॅमेरे की मोठी बॅटरी

शेवटी आम्ही बाबांना मोठ्या बॅटरीचा फोन पाठवला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. अजून काहीच ठरलेलं नाही. बाबांना जाऊन वर्ष होत आलंय आणि आई, यि-रुताई आणि मी चुआंगकाकांच्या दुकानात उभे आहोत. आमच्या यीलान गावात गेलेल्या माणसाला काही पाठवायचं असलं की चुआंगकाकांकडे यायचं. कागदाचं घर, कागदाची गाडी, कागदाचा टीव्ही; जाळलं की पोचतं. बाबा गेले तेव्हा आम्ही इथूनच दुमजली घर नेलं, गाडी नेली, दोन नोकर नेले. नोकरांना नावंही ठेवली, नाहीतर ते तिकडे कोणाचंही ऐकत बसतात. फोन मात्र राहून गेला. खरा फोन कपाटात बंद पडून आहे. तो जाळता येत नाही, बॅटरी फुटते. स्मशानात तशी पाटीच लावलेली आहे.

परवा बाबा आईच्या स्वप्नात आले. बसथांब्यावर उभे होते आणि एकेक खिसा चाचपत होते. जन्मभर बस चालवलेला माणूस थांब्यावर उभा आहे म्हणजे काहीतरी अडलंय, असं ताईचं म्हणणं. आई म्हणाली, "फोन शोधतायत."

यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण आईचा नाश्ता त्या फोनवर अवलंबून होता. बाबा पहिल्या फेरीसाठी अंधारातच बाहेर पडायचे आणि डेपोतून आईला एक चित्र पाठवायचे. गुलाबी कमळ, वर ठळक अक्षरांत 'सुप्रभात', खाली 'नाश्ता करून घे'. निवृत्त झाल्यावर तेच चित्र बाल्कनीतून यायला लागलं. आई आत ओट्यापाशी असायची. चित्र आलं की ती खायला बसायची. आता वर्षभर ती सकाळी फोन समोर ठेवून बसते, चित्र येत नाही, आणि ती खात नाही. मधुमेहाची गोळी तेवढी वेळेवर घेते, उपाशीपोटी. मागच्या महिन्यात बाजारात चक्कर येऊन ती पातीच्या कांद्याच्या जुड्यांवर पडली. पातवाली म्हणाली, "नशीब समजा, शेजारी अननस होते." डॉक्टरांनी ताईला आणि मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, असंच चाललं तर पुढच्या वेळी त्या उठणार नाहीत.

म्हणून फोन.

चुआंगकाकांनी दोन फोन काढून काचेवर ठेवले. दोन्ही पुठ्ठ्याचे, वर चकचकीत कागद.

"हा बघा. मागे तीन कॅमेरे. अंधारातही फोटो स्वच्छ येतो, आणि तिकडे उजेड जरा बेताचाच असतो. बॅटरी मात्र संध्याकाळपर्यंत."

"आणि हा?" ताईने विचारलं.

"हा जाड आहे. आत पुठ्ठ्याचे थर जास्त घातलेत. एकदा चार्ज केला की पुढच्या वर्षश्राद्धापर्यंत बघायला नको. कॅमेरा एकच, तोही आपला असावा म्हणून."

"पाण्यात भिजला तर?" मी म्हणालो.

"दोघांनाही काही होत नाही."

"कागदाचे आहेत, काका."

"तिकडे काही होत नाही. इथे नको भिजवूस."

ताई म्हणाली, "जाडच घेऊ. बाबा चार्जर कुठेही विसरायचे."

"चार्जर सोबत येतो," काका म्हणाले. "पिन तिकडचीच दिलीय."

पिनेचं मला आधी सुचलं नाही याचं मला जरा वाईट वाटलं. मी म्हणालो, "ताई, त्यांना चित्र पाठवायचंय. कॅमेरा लागेल ना."

"चित्र ते कधी काढायचे? डेपोतले लाइकाका पाठवायचे, हे पुढे ढकलायचे. स्वतः काढलेल्या प्रत्येक फोटोत बाबांचा अंगठा आहे."

"पण तिकडे लाइकाका नाहीत."

"तू त्यांना इतक्यात बघितलं नाहीस, आ-हान."

 दोन हातांत दोन फोन धरून आई ते तोलत होती, जसा ती पेरू तोलते. मग म्हणाली, "त्यांनाच विचारू."

काकांनी दोन्ही बांधून दिले. नको असेल तो परत आणा म्हणाले. वापरलेला माल परत येण्याची भीती नसलेलं हे गावातलं एकच दुकान.

घरी आई पूर्वजांची नावं कोरलेल्या पाटीसमोर उभी राहिली. फोन शेजारी शेजारी ठेवले, उदबत्त्या लावल्या, आणि कौल घ्यायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या. एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक सपाट, एक फुगीर पडली तर होकार. दोन्ही फुगीर पडल्या तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर ऐकणारा हसतोय.

"अहो," आई म्हणाली, "तीन कॅमेऱ्यांचा पाठवू?"

चंद्रकोरी फरशीवर वाजल्या. दोन्ही सपाट.

"हसतायत," ताई म्हणाली.

"मग मोठ्या बॅटरीचा पाठवू?"

पुन्हा दोन्ही सपाट. बाबा जिवंतपणी लागोपाठ दोनदा हसल्याचं मला आठवत नाही.

"घडीचा हवा असेल त्यांना," मी म्हणालो.

"तू गप्प बस. आई, हसले म्हणजे प्रश्न नीट विचारला नाहीस. नीट सांग, बॅटरी किती चालते, कॅमेरे किती..."

"त्यांना कळलंय," आई म्हणाली. "माझाच प्रश्न तो नव्हता."

ती गुडघ्यांवर बसली. चंद्रकोरी ओंजळीत धरल्या. उदबत्तीची राख वाकली आणि पडली. ताईने माझ्याकडे बघितलं, मी फोनांकडे बघितलं.

मग आईने हळू आवाजात विचारलं, "अहो, तुम्ही सांगितलं नाहीत तरी मी खाल्लं तर चालेल का?"

एक चंद्रकोर लगेच पडून राहिली, सपाट. दुसरी टेबलाच्या पायावर आपटली, गिरकी घेत घेत दारापर्यंत गेली आणि थांबली. ताई बघायला गेली. तिथेच उकिडवी बसली आणि तोंड आमच्याकडे न फिरवता म्हणाली, "फुगीर."

"अजून दोनदा टाक," मी म्हणालो. "तीनदा आलं की पक्कं धरतात."

"नको," आई म्हणाली. "एकच गोष्ट तीनदा विचारलेली त्यांना खपायची नाही."

आई स्वयंपाकघरात गेली. सकाळची भाताची पेज गार होऊन तिच्यावर साय धरली होती. तिने ती गरम केली नाही. ओट्यापाशी उभं राहून खारवलेल्या मुळ्याबरोबर सगळी पेज संपवली, घास घास करत. मधे एकदा थांबली, डोळे पुसले, आणि पुन्हा खायला लागली. आम्ही दारात उभे होतो. ताईने माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखत होतं, पण मी सांगितलं नाही.

मग आईने रिकाम्या वाडग्याचा फोटो काढला आणि बाबांच्या नंबरावर पाठवला.

"जाड फोन जाळा," ती म्हणाली. "पाठवायचं ते मी पाठवीन. त्यांनी नुसता चालू ठेवला की झालं."

कॅमेऱ्याचा फोन मी परत द्यायला गेलो तेव्हा चुआंगकाका म्हणाले, मागाहून पाठवलेल्या वस्तूबरोबर नगरदेवतेच्या नावाने अर्ज जाळावा लागतो, नाहीतर ती वेशीवर अडकते. मजकूर मी लिहिला. सही आईने केली. वर्षश्राद्धाला फोन आणि अर्ज एकाच भांड्यात जाळले.

प्रति,
माननीय नगरदेवता,
दिवंगत नागरिक कचेरी, यीलान.

विषय: पोच मिळणेबाबत.

महोदय,
अर्जदार यू स्यु-मान यांचे पती कै. चिएन वेन-तुआन, निवृत्त बसचालक, यांस आज रोजी एक फोन, चार्जरसह, रवाना करण्यात येत आहे. अर्जदार त्यांस दररोज सकाळी नाश्ता केल्याचे छायाचित्र पाठवतील. उत्तराची अपेक्षा नाही. फक्त सदर छायाचित्र त्यांनी पाहिल्यावर अर्जदाराच्या फोनवर 'वाचले' अशी खूण उमटावी, अशी व्यवस्था आपल्या कचेरीने करावी, ही नम्र विनंती. दररोज शक्य नसल्यास एकदा.