चांदीचे डोळे आणि दुसरी सुई

साहेब, तुम्ही पळून गेलात! राग आला तर येऊ द्या, मला दुसरा शब्द सापडत नाही. तुम्ही मांडव घातलात, कर्णा लावलात, साखरेनं नजर अधू झालेल्या माणसांना बसमध्ये भरून दवाखान्यात नेलंत आणि प्रत्येकाच्या डोळ्यात एक सुई दिलीत. मग हिरव्या पट्ट्या बांधलेली ती माणसं रांगेनं बसवून फोटो काढलात. पेपरात आला तो. मधोमध तुम्ही आणि तुमच्या शेजारी पदर सावरून बसलेली एक बाई. तिचं नाव गोजराबाई. त्या दिवसानंतर वर्षभरात तिची एकदा तरी चौकशी केलीत? नाही ना? मग आता ऐका. आणि वाचकहो, तुम्हीही कान द्या, कारण यातली अर्धी चूक आपली आहे.

गोजराबाईचा मळा नाशिकच्या मखमलाबादला. गुलाब, शेवंती, बांधाच्या कडेनं झेंडू. भल्या पहाटे गणेशवाडीच्या फूलबाजारात टोपल्या मांडून बसली की गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत तिनं पुडी बांधलेली असायची, इतकी तिची नजर पक्की. पण साखर डोळ्यात उतरली. समोरच्या माणसाचे कान दिसत, खांदे दिसत आणि तोंडाच्या जागी नुसता डाग. विजेचा सरळ खांब तिला मधेच पोक काढून उभा असल्यासारखा वाटे.

शिबिराच्या सुईनं मात्र कमाल केली. थोड्याच दिवसांत डाग विरत गेला. एका सकाळी चहा घेऊन आलेल्या सुनेकडे, रूपालीकडे, बघून ती म्हणाली, "टिकली वाकडी लावलीस गं!" आणि तिथंच हमसून रडायला लागली.

ती सप्तशृंगीला नवस बोलली होती. जीप करून सगळं घर गडावर गेलं, चांदीचे डोळे वाहिले, आल्यावर भावकीला पुरणाचं जेवण झालं. आणि त्या घरातली रीत अशी, की नवस फेडला की त्या दुखण्याचं नाव काढायचं नाही. पुन्हा औषध घेतलं, तर आपणच देवीला खोटं पाडलं असं व्हायचं.

पावसाळा सरता सरता डाग परत आला.

गोजराबाई कुणाला बोलली नाही. फुलं वासानं ओळखायची, नाणी बोटानं चाचपायची. रूपालीच्या ध्यानात आलं, तेव्हा मुलगा भारत शिबिरवाल्यांच्या ऑफिसात गेला. टेबलामागचा माणूस म्हणाला, "योजना एका इंजेक्शनची होती. पुढल्या वर्षी शिबिर झालं तर बघू."

भारत चरफडत घरी आला. गोजराबाईला मात्र हायसं वाटलं. "बघ! एवढी मोठी माणसं, त्यांनी एकच दिली म्हंजे एकच लागती. बाकीचं देवी बघंल."

हे तुम्ही शिकवलंत तिला, साहेब.

मग आली पौर्णिमा. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले मोतीराम गुरुजी दर पौर्णिमेला बुद्धविहारासाठी तिच्याकडून पांढरी शेवंती न्यायचे. पुडी उघडून ते थबकले.

"गोजराबाई, यात पिवळी आलीत."

"पांढरीच हायत, गुरुजी. ऊन पडलंय तुमच्या डोळ्यावर."

"अजून सूर्य उगवलेला नाही, बाई."

शेजारच्या टोपल्यांवरच्या बाया खिदळल्या. एक म्हणाली, "गुरुजी, हळद लागायचीय व्हय तुम्हाला?" सगळे हसले, गुरुजीही हसले. गोजराबाई तेवढी हसली नाही. तिचे हात फुलांवर नुसतेच फिरत राहिले. गुरुजींनी ते पाहिलं आणि शेजारच्या रिकाम्या पोत्यावर बसकण मारली.

"डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आहे ना? मलाही तेच आहे. मी दर महिन्याला सुई घेतो."

"दर महिन्याला?" तिचा आवाज चढला. "मला एकच दिली, आन् मी देवीला डोळेबी वाहिले. आता परत सुई घेतली तर लोक काय म्हनतील? देवी काय म्हनंल?"

"तुमच्या देवीबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. एवढंच विचारतो, दवाखान्याची पायरी चढू नको, असं देवीनं सांगितलं, की भावकीनं?"

गोजराबाईनं पुडी परत ओढून घेतली. पण दुसऱ्या दिवशी ती भारतच्या मोटारसायकलवर मागं बसली.

गुरुजी जात त्याच दवाखान्यात डॉक्टर चैतालीनं डोळ्यात थेंब घातले, मशीनवर पडद्याचा फोटो काढला. "मावशी, सूज परत चढलीय. सुरुवातीला काही महिने ओळीनं सुई देऊ. मग दर महिन्याला फोटो काढू, सूज दिसली तरच टोचू, नाही तर चहा पिऊन घरी."

गोजराबाईचा चेहरा पडला. "गुरुजींना दर महिन्याला, आन् मला बघून? ते शिकलेले म्हनून त्यांना जास्त व्हय?"

कोपऱ्यात आपल्या पाळीची वाट बघत बसलेले गुरुजी खो खो हसले. "बाई, सुईतसुद्धा वाटा मागता?"

डॉक्टर चैताली हसली नाही. ती खुर्ची ओढून जवळ बसली. "विचारलंत ते बरं केलंत. दोन पद्धती आहेत. गुरुजींची सूज हट्टी आहे, म्हणून न चुकता टोचायची. तुमची एका सुईनं पटकन उतरली होती, म्हणून बघून टोचायची. कुठली पद्धत सरस, ते मोठमोठे डॉक्टर अजून ताडून बघताहेत. औषधंही दोन आहेत, एक महाग, एक स्वस्त. परवडेल ते घ्या, पण नेमानं घ्या. महागाची एक घेऊन घरी बसू नका. आणि साखर ताब्यात ठेवा, नाही तर माझी सुई काय करणार?"

गोजराबाई विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे गुलाबावरच्या भुरी रोगासारखं. कुनी ठरल्या वाराला फवारतं, कुनी पान उलटून बघून फवारतं."

"अगदी तसंच! आणि पान उलटून बघायचंच सोडलं तर?"

"तर बाग गेलीच की!"

"आणि एक फवारा मारून, पान हिरवं दिसलं म्हणून मळ्याला कायमचं कुलूप लावलं तर?"

"असं कोन येडं करतं?" गोजराबाई फणकारली. मग तिचा हात आपोआप डोळ्याकडे गेला. "अगं बाई! मीच केलं की! गुलाबाला जपलं आन् डोळ्याला कुलूप घातलं!"

त्याच दिवशी तिनं सुई घेतली. घरी येऊन देव्हाऱ्यापुढं हात जोडले. रूपालीनं भीत भीत विचारलं, "आत्याबाई, देवी रागावायची नाही ना?"

"देवीनं डोळे दिले गं. राखायचं काम काय तिनंच करायचं?"

संक्रांतीपर्यंत डाग विरला. त्यानंतर कधी सुई लागायची, कधी नुसता फोटो काढून चहा. पण फेरी एकही चुकली नाही. तिनं शेजारच्या मळ्यातल्या मालनबाईलाही ओढत दवाखान्यात नेलं. मालनबाई त्याच बसमध्ये होती, त्याच फोटोत होती आणि एका सुईवर विसंबून भिंत धरून चालायला लागली होती. डॉक्टर तिला म्हणाली, गेलेलं सगळं परत येणार नाही, उरलेलं राखू. पौर्णिमेच्या पुडीत पुन्हा पांढरीशुभ्र शेवंती जाऊ लागली. गुरुजी मुद्दाम पुडी उजेडात धरून तपासत आणि गोजराबाई म्हणे, "बघा, बघा, पान उलटून बघा!"

आणि पुढल्या वर्षी, साहेब, पुन्हा तुमचा मांडव पडला. बरी झालेली बाई म्हणून तुम्ही गोजराबाईला स्टेजवर बोलावलंत. आभार मानायला. ती आली, मालनबाईचा हात धरून आली. माईक धरून म्हणाली,

"पयल्या सुईचे उपकार हायत, साहेब, खोटं नाय बोलनार. पन हे दुखनं एका सुईचं नाय. दर महिन्याला टोचा नाय तर बघून टोचा, पन बघायला या तर खरं! आन् बसलेल्या मानसांनो, तुमीबी ऐका. दिसायला लागलं म्हनून दवाखाना सोडू नका. नवस बोला, फेडा, आन् तारखेला डोळा दाखवायला जावा."

मांडव टाळ्यांनी दणाणला. तिनं हात वर केला.

"थांबा. मला टाळ्या नकोत. ही मालनबाई तुमच्याच फोटोतली हाय, साहेब. हिची दुसरी सुई कुठं होती?"

तुम्ही घड्याळ बघितलंत, साहेब. सगळ्या मांडवानं ते पाहिलं. आता गोजराबाईलाही लख्ख दिसतं, तिनंही पाहिलं. घड्याळ ठेवा खिशात. आज जे नवे डोळे बसमध्ये भरताय, त्यांना पुढल्या महिन्यात कोण तपासणार? बोला!